पीएस-५ दिवाळीला का आला नाही?

"मामा, अमेरिकेतल्या मुलांना पीएस-५ मिळाला, मग आपल्याला का नाही?"

२०२० च्या दिवाळीत भाच्याने मला हे विचारलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होतं. सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका, जपान यांसह सात देशांत १२ नोव्हेंबरला विक्रीला आला. भारतात तो आला २ फेब्रुवारी २०२१ ला. "आपल्याला कमी लेखतात," हा भाच्याचा निष्कर्ष. तिकडे भावोजी जादा पैसे मोजून परदेशातून मागवायच्या तयारीत होते.

पण प्लेस्टेशन ४ च्या वेळी काय झालं होतं? तो अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, भारतात जानेवारी २०१४ मध्ये, आणि सोनीच्या स्वतःच्या जपानमध्ये २२ फेब्रुवारी २०१४ ला! म्हणजे हा मानापमानाचा नाही, हिशोबाचा प्रश्न आहे. कंपनीची खरी कमाई कन्सोलवर नसते, गेम्सवर असते. सुरुवातीला पीएस-५ तर तोट्यातच विकला जात होता. माल मोजका असला की जिथे गेम्स जास्त खपतात तिथे तो आधी जातो. आपल्याकडे बहुतेक जण मोबाइलवर खेळतात. त्यात २०२० मध्ये जगभर चिप्सची टंचाई होती.

दुसरं कारण कागदपत्रांचं. व्हिडिओ गेमच्या उपकरणांना भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती प्रत्येक कारखान्यासाठी वेगळी करावी लागते. वायफाय आणि ब्लूटूथसाठी दूरसंचार विभागाची मंजुरी वेगळी. खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापावी लागते. हे सगळं वेळेत उरकता येतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स १० नोव्हेंबर २०२० ला जगाबरोबरच भारतातही आला होता.

कधी अडचण हवेतल्या लहरींची असते. पीएस-५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला आला, पण भारताला वगळून. त्यातलं वायफाय-७ सहा गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो तेव्हा आपल्याकडे वायफायसाठी खुला नव्हता. तो अंशतः खुला करण्याच्या नियमांचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला.

त्या दिवाळीत मी भावोजींना एकच विचारलं, "तिकडून आणलेला बिघडला तर दुरुस्तीला कुठे पाठवणार?" वॉरंटी सहसा खरेदीच्या देशातच चालते. ताईने तिथेच निर्णय दिला: थांबायचं. भारतातली किंमत ४९,९९० रुपये निघाली. भाच्याला कन्सोल उशिरा मिळाला, पण बिल आणि वॉरंटीसकट. मधल्या काळात मित्रांचे अनुभव ऐकून कोणते गेम घ्यायचे आणि कोणते नाहीत, याची यादीही त्याने करून ठेवली होती.