छातीत दुखतंय? आधी घड्याळ बघा

माझ्या पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सोप्या भाषेत सांगते : छातीत दुखायला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती वेळ जातो आणि तो नेमका कुठे जातो. गेल्या दिवाळीत हा विषय आमच्याच घरात आला.

पहाटे चारला मामाच्या छातीत दुखायला लागलं. घामही आला. मामी म्हणाली, "अहो, दवाखान्यात जाऊया." मामा म्हणाला, "अगं, फराळाचं जास्त झालंय, गॅस असेल." मग ओवा-पादेलोण झालं, गरम पाणी झालं, आणि फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडेपर्यंत थांबायचं ठरलं. ईसीजी निघाला तेव्हा दहा वाजले होते. मामा वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. आता एक जिना चढला तरी त्याला धाप लागते.

या सहा तासांत काय होतं ते बघूया. हृदयविकाराच्या झटक्यात बहुतेक वेळा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते. पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो हळूहळू मरू लागतो. म्हणजे गुठळी लवकर विरघळली किंवा काढली, तर स्नायू वाचतो.

हे फक्त तर्काने ठरलेलं नाही. १९८८ साली 'आयसिस-२' नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले : एकाला अ‍ॅस्पिरिन, दुसऱ्याला गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्हींऐवजी नकली औषध. पाच आठवड्यांनी मोजलं, तर नकली औषधाच्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने १३.२ टक्के रुग्ण दगावले होते. दोन्ही औषधं मिळालेल्या गटात हाच आकडा ८ टक्के होता. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे साधारण पाच जीव जास्त वाचले.

त्याआधी, १९८६ साली, इटलीतल्या 'जिस्सी' अभ्यासाने वेळेचा हिशोब मांडला होता. पहिल्या तासाच्या आत स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. जसजसा उशीर झाला, तसतसा फायदा घटत गेला. (म्हणून उशीर झाला तर जायचंच नाही, असा अर्थ काढू नका! आयसिस-२ मध्ये उशिरा आलेल्यांनाही फायदा झाला, फक्त कमी झाला.)

मग हे ज्ञान आपल्याकडे रुग्णापर्यंत पोचतं का? भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांहून जास्त रुग्णांची 'क्रिएट' ही नोंदणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातले दोन आकडे मला पाठ आहेत. रुग्णालयात पोचल्यापासून गुठळी विरघळवणारं औषध सुरू होईपर्यंतचा मध्यक वेळ ५० मिनिटं. आणि दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा? ३६० मिनिटं! मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांना याहूनही जास्त वेळ लागला. शिवाय जे पोचलेच नाहीत, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.

सगळा दोष घरच्यांचा असतो असं मात्र नाही. जवळ ईसीजीची सोय नसते, गाडी नसते, पैशांची धास्ती असते. म्हणून काही अभ्यास औषधाचा नाही, व्यवस्थेचा होतात. तमिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या हृदयरोग केंद्रांना जोडली. लहान ठिकाणीच ईसीजी काढून गुठळीवरचं औषध द्यायचं आणि मग रुग्णाला पुढे अँजिओग्राफीसाठी पाठवायचं. अशी साखळी बांधल्यावर वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. नवं औषध एकही नव्हतं!

आता तुमच्या कामाचं. छातीवर दाब, जळजळ किंवा जडपणा, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम, धाप : यातलं काही अचानक सुरू झालं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. पहिला ईसीजी ठीक आला तरी त्रास चालू असेल तर घरी परतू नका. तो पुन्हा काढावा लागतो. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरांना किंवा १०८ वरच्यांना विचारा, कारण रक्तस्राव होत असेल तर तीच गोळी घातक ठरते. आणि हा लेख वाचून रोज एक गोळी मनाने सुरू करू नका. निरोगी माणसाचा हिशोब वेगळा असतो.

गॅस आहे की हृदय, हे घरी बसून मलाही ओळखता येत नाही. ते ठरवायला ईसीजी आणि रक्ताची तपासणी लागते. गॅस निघाला तर हसत घरी या.

आज जेवताना घरच्यांशी एवढंच बोलून ठेवा : आपल्या घराजवळ पहाटे चार वाजता ईसीजी कुठे निघतो? आमच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.