चेहऱ्याला गुण नकोत, नोंदी हव्यात

त्वचेच्या निगेसाठी फोनवर घेतली जाणारी बहुतेक ॲप्स एकाच वेळी दोन कामे करतात. पहिले काम नोंदींचे. सकाळी फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेली जेल, यांतले काय लावले आणि काय राहिले यावर खूण करायची, वेळेवर आठवण द्यायची, फोटो तारखेनिशी साठवायचे. दुसरे काम निकालाचे. सेल्फी काढली की ॲप चेहऱ्याला शंभरपैकी गुण देते, डाग, सुरकुत्या, रोमछिद्रे मोजते आणि बऱ्याचदा त्याच पडद्यावर कोणते सीरम घ्यावे तेही सुचवते. पहिले काम खरोखर उपयोगाचे आहे आणि त्याला पुरावा आहे. दुसऱ्यावर, निदान आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या माणसांनी, भरवसा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही दोन्ही कामे एकाच ॲपमध्ये असल्यामुळे एकाबद्दल वाटणारा विश्वास नकळत दुसऱ्यालाही मिळतो, आणि घोळ तिथे सुरू होतो.

नोंदी कशासाठी, याचे उत्तर त्वचेच्या संथपणात आहे. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत, चपटी होत, शेवटी गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढते तसा हा काळ लांबतो. मुरुमांवरच्या ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइनसारख्या औषधांचा परिणाम नीट दिसायला आठ ते बारा आठवडे जावे लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर त्वचा कोरडी पडते, सोलवटते, जळजळते. औषध नेमके याच टप्प्यावर सुटते, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, जळजळ मात्र लगेच कळते. तीन महिन्यांपूर्वी हनुवटीवर किती पुटकुळ्या होत्या हे कुणालाच आठवत नाही. तारीख टाकलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर ते दिसते. त्याचप्रमाणे एकाच आठवड्यात तीन नवी उत्पादने सुरू केली आणि गालावर पुरळ उठले, तर दोष कुणाचा हे नोंद असल्याशिवाय सांगता येत नाही.

आता पुराव्याकडे येऊ, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 70 जणांना सहा आठवडे रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते. त्यांतल्या निम्म्यांना फोनवर रोज आठवणीचा संदेश जाई. ज्यांना संदेश गेले नाहीत त्यांनी सुमारे 30 टक्के दिवस सनस्क्रीन लावले, ज्यांना गेले त्यांनी 56 टक्के. एवढ्यावर थांबलो तर आठवण दिली की काम झाले असे वाटेल. पण 2012 मध्ये मुरुमांच्या 40 रुग्णांवर अशीच चाचणी झाली, बारा आठवडे संदेश गेले, आणि औषध लावण्याचे प्रमाण संदेश मिळणाऱ्यांत 34 टक्क्यांच्या आसपास, न मिळणाऱ्यांत 36 टक्क्यांच्या वर निघाले. म्हणजे फायदा शून्य. याउलट 2011 च्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना आठवण दिलीच नाही. आठवड्यातून एकदा इंटरनेटवर, मुरुमांची स्थिती कशी आहे, अशी प्रश्नावली भरायला दिली. त्या गटात औषध लावण्याचे मध्यक प्रमाण 74 टक्के होते, दुसऱ्या गटात 32. डेन्मार्कमध्ये सोरायसिसच्या 134 रुग्णांवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲप वापरणाऱ्यांपैकी 65 टक्के चौथ्या आठवड्यापर्यंत औषध नीट लावत होते, न वापरणाऱ्यांपैकी 38 टक्के. हे अभ्यास लहान आहेत, त्यांतली औषधेही वेगवेगळी आहेत, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही मला त्यांतून एक गोष्ट दिसते. नुसती घंटी काही दिवसांनी कानाआड होते. स्वतःच्या त्वचेकडे पाहून, दुसऱ्या कुणासाठी तरी, चार ओळी लिहायला लागल्या की माणूस टिकून राहतो.

खूण करण्याला मर्यादाही आहेत, आणि सनस्क्रीन हे त्याचे चांगले उदाहरण. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेला असतो. प्रत्यक्षात माणसे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी, एवढे सनस्क्रीन लागते, आणि उन्हात राहिल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. सकाळी वाटाण्याएवढे लावून ॲपमध्ये हिरवी खूण झाली, दिवसांची साखळी अखंड राहिली, तरी दुपारी विदर्भाच्या उन्हात फिरणाऱ्याच्या कपाळावर त्यातले फारसे काही उरलेले नसते. म्हणून नुसत्या खुणेपेक्षा ‘दोन बोटे, सकाळी नऊ, दुपारी नाही’ ही तीन तुकड्यांची नोंद कितीतरी जास्त सांगते.

निकाल देणाऱ्या ॲप्सचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. फोनच्या पडद्यातून निघणाऱ्या रंगीत प्रकाशाने मुरूम बरे होतात असे सांगणाऱ्या दोन ॲप्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2011 मध्ये कारवाई केली. त्यांतले एक सुमारे 11,600 वेळा विकत घेतले गेले होते. तिळाचा फोटो पाहून मेलानोमा या कर्करोगाचा धोका सांगणाऱ्या ॲप्सवर 2015 मध्ये त्याच आयोगाने, दाव्याला पुरेसा पुरावा नाही म्हणून, कारवाई केली. त्यानंतर तंत्र खूप पुढे गेले हे खरे, पण आपल्या दृष्टीने मूळ अडचण शिल्लक आहे. त्वचेचे प्रकार मोजण्याची जी पट्टी जगभर वापरतात ती हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये मांडली, तेव्हा तिच्यात गोऱ्या त्वचेचाच विचार होता. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विविध वर्णांच्या त्वचेचे 656 फोटो जमवून निदान करणारे संगणकीय प्रोग्रॅम तपासले, तर सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली. गोऱ्या त्वचेवर दाह लालभडक दिसतो; सावळ्या त्वचेवर तोच जांभळट किंवा तपकिरी दिसतो, आणि मुरूम बसल्यावर काळा डाग महिनोन्महिने राहतो. शिवाय फोनचा कॅमेरा त्वचा आपणहून गुळगुळीत करतो, ट्यूबलाइटखाली एक रंग दाखवतो आणि खिडकीपाशी दुसरा. अशा फोटोवर दिलेले गुण कालच्यापेक्षा चारने घटले म्हणून नवे सीरम आणणे म्हणजे चालू असलेल्या उपचाराला मध्येच खीळ घालणे.

उत्पादनाचे लेबल स्कॅन करून घटक सांगणारी सोय तरी उपयोगाची आहे की नाही? काही प्रमाणात आहे. सुगंधाची ॲलर्जी असलेल्याला ती मदत करते. पण भारतात चेहऱ्यांचे मोठे नुकसान ज्या गोष्टींनी होते, त्या या जाळ्यातून निसटतात. देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइडची क्रीम लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ती डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवली होती. अनेक जण ती गोरेपणासाठी लावत होते. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका दुर्मीळ आजाराचे 15 रुग्ण आढळले, त्यांतले 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. आपल्याकडे अकोल्यातल्या एका कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा लेबलवर छापलेला नसतो. जे छापलेलेच नाही ते कोणताही स्कॅनर वाचू शकत नाही, आणि त्वचा ‘उजळली’ म्हणून गुण देणारे ॲप तर अशा क्रीमला पहिल्या महिन्यात उत्तम निकाल देईल. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

यावर रास्त आक्षेप असा की तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ नसतो, मग ॲपने सांगितलेले ऐकायचे नाही तर कुणाचे ऐकायचे? अडचण खरी आहे. पण सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर घरून किंवा आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी बोलता येते, आणि तिथे तारीखवार फोटो व नोंदी असतील तर दूरच्या डॉक्टरांनाही बरेच कळते. म्हणजे तज्ज्ञ जितका लांब, तितके नोंदींचे मोल जास्त. दुसरा आक्षेप, हे सगळे साध्या वहीत होत नाही का? फोटो सोडले तर होते, आणि ज्यांना वही बरी वाटते त्यांनी खुशाल वहीच ठेवावी. चेहऱ्याचे फोटो परक्या कंपनीच्या हाती जाण्याचा प्रश्नही त्यामुळे मिटतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: रोज चेहरा तपासत बसल्याने, विशेषतः किशोरवयीन मुलामुलींच्या मनात, नसलेली व्यंगे घर करतात. हा धोका मी पूर्णपणे मान्य करते. म्हणूनच गुणांची सोय बंद ठेवावी, रोजची सेल्फी टाळावी, आणि पंधरा दिवसांतून एकदा, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या त्याच वेळी, फिल्टर व फ्लॅश बंद करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत. नवे उत्पादन एका वेळी एकच सुरू करावे आणि ते सुरू केल्याची तारीख लिहावी.

या नोंदींत एक भर आजच घाला. घरात चेहऱ्याला लावल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, मैत्रिणीने, पार्लरने किंवा औषधाच्या दुकानदाराने दिलेल्या ट्यूबचासुद्धा. त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे. बरेच दिवस लावत असाल तर घाबरून एकदम बंद करू नका, त्याने चेहरा आणखी भडकू शकतो. ट्यूब आणि फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ज्या क्रीमवर घटकांची यादी किंवा बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती मात्र पुन्हा लावू नका. बरेच दिवस लावली असेल तर तीही सोबत न्या आणि लघवीची तपासणी करून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.