धुरातला गारवा

परवा स्वारगेटच्या एसटी स्थानकात एका गाडीच्या इंजिनाची धग पायांवर आली. डिझेलमधली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा अशी धुरावाटे जाते. आमच्या पुण्याची थरमॅक्स कंपनी कारखान्यांतल्या अशाच फुकट जाणाऱ्या उष्णतेवर गारवा करणारी यंत्रे बनवते. आत दाब इतका कमी, की पाणी ५ अंशांच्या आसपास उकळते आणि भोवतालची उष्णता ओढून घेते. ती वाफ लिथियम ब्रोमाइडचे द्रावण शोषते. धुराची उष्णता ते पाणी पुन्हा उडवते. कॉम्प्रेसर नाही, वीज नाममात्र.

मी बँकेत असताना एक छोटा कारखानदार जनरेटरच्या धुरावर चालणाऱ्या अशाच यंत्रासाठी कर्ज मागायला आला होता. आमच्या तक्त्यात विक्रीचा रकाना होता, वाचलेल्या विजेचा नव्हता. (माझ्यातला कादंबरीकार तेव्हा रजेवर असावा!) मी शेरा मारला : 'उत्पन्न दिसत नाही.' नकाराचे पत्र सहीला आले, तेव्हा माझ्या केबिनमधला एसी चालू होता.