पदोन्नती नाकारली, न्यायालय काय पाहते?

सरकारी नोकरीत एखाद्याची पदोन्नती डावलली गेली, की त्याला दोन टोकांचे सल्ले ऐकायला मिळतात. 'न्यायालयात जा, बढती पदरात पडेल' हा एक आणि 'सरकारशी भांडून काही उपयोग नाही' हा दुसरा. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. न्यायालय पदोन्नती देत नाही. मात्र ती नाकारताना प्रशासनाने कायद्याची वाट सोडली की नाही, हे ते अवश्य तपासते. या दोन गोष्टींतला फरक समजून घेण्यासाठी देव दत्त विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण उपयुक्त ठरावे.

देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. या पदावर पाच वर्षे पूर्ण होताच, फेब्रुवारी १९९३ मध्ये, ते अधीक्षक अभियंतापदासाठी पात्र झाले. विभागीय पदोन्नती समितीची बैठक १६ डिसेंबर १९९४ रोजी झाली. त्यांना वगळण्यात आले आणि त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्यांची निवड झाली. या पदासाठी मागील पाचही वर्षांच्या गोपनीय अहवालांत 'अतिउत्तम' शेरा आवश्यक होता. देव दत्त यांना चार वर्षे तो मिळाला होता. १९९३-९४ या एका वर्षी मात्र शेरा होता नुसता 'चांगला'. तो त्यांना कधी कळवण्यातच आला नव्हता. प्रशासनाचे म्हणणे असे, की केवळ प्रतिकूल शेरे कळवण्याचे बंधन आहे आणि 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

शब्द नव्हे, परिणाम

सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी दिलेल्या निकालात हा युक्तिवाद अमान्य केला. शेरा प्रतिकूल आहे की नाही, हे त्याच्या शब्दावरून नव्हे, तर परिणामावरून ठरते. ज्या शेऱ्यामुळे माणूस स्पर्धेतूनच बाद होतो, तो कितीही गोड शब्दांत लिहिलेला असला तरी त्याच्या दृष्टीने प्रतिकूलच. म्हणून लष्करी सेवा वगळता सर्व सरकारी कर्मचाऱ्यांना अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कळवला पाहिजे आणि त्याविरुद्ध निवेदन देण्याची संधी मिळाली पाहिजे. शेरा दडवून ठेवणे ही मनमानी ठरते आणि ती राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाचा भंग करणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालयाने देव दत्त यांना अधीक्षक अभियंता केले नाही. शेरा दोन महिन्यांत कळवा, त्यांचे निवेदन आल्यास त्यावर निर्णय घ्या, शेरा उंचावला तर पदोन्नतीचा पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा विचार करा, असा तो आदेश होता. तोवर ते निवृत्त झाले होते. त्यामुळे निवड झाल्यास वेतनाची थकबाकी व वाढीव निवृत्तिवेतन ८ टक्के व्याजासह द्यावे, असेही सांगण्यात आले.

हक्क कशाचा?

याचे मूळ राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदात आहे. पदोन्नती मिळणे हा मूलभूत हक्क नाही. पात्र असल्यास पदोन्नतीसाठी न्याय्य रीतीने विचार होणे, हा मात्र मूलभूत हक्क आहे. त्यामुळे समितीने दोन अधिकाऱ्यांच्या गुणवत्तेची जी तुलना केली, तिच्यावर न्यायालय अपिलात बसल्याप्रमाणे निर्णय देत नाही. ते पाहते एवढेच, की समिती नियमानुसार बनली होती काय, संबंधित कागदपत्रे तिच्यापुढे होती काय, गैरलागू बाबींचा विचार झाला काय आणि आकस वा पक्षपात होता काय.

प्रलंबित चौकशीचे कारणही असेच तपासले जाते. चौकशी सुरू असलेल्या कर्मचाऱ्याबाबतचा समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवण्याची पद्धत आहे. परंतु दोषारोपपत्र बजावण्यापूर्वी, केवळ तक्रार वा प्राथमिक चौकशी प्रलंबित आहे म्हणून, हे पाकीट वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकीरामन प्रकरणात १९९१ मध्ये स्पष्ट केले.

दाद कोठे आणि केव्हा?

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'मॅट'कडे, जावे लागते. मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागता येते. हा मार्ग १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने पक्का झाला. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. निवेदन दिल्यावर सहा महिन्यांत उत्तर न आल्यास ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजले जाते. अनेकांचे नुकसान होते ते येथेच. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे पाठवून मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. ज्यांना बढती मिळाली त्या कनिष्ठांनाही प्रतिवादी करावे लागते. कारण निकालाचा फटका त्यांच्या ज्येष्ठतेला बसू शकतो. अर्ज मान्य झाल्यास बहुधा फेरविचार होतो आणि निवड झाली तर पदोन्नतीचा मानीव दिनांक मिळतो.

देव दत्त निकालानंतर केंद्र सरकारने १४ मे २००९ च्या आदेशाने २००८-०९ पासूनचे संपूर्ण मूल्यमापन अहवाल कर्मचाऱ्यांना दाखवण्याची आणि निवेदनासाठी पंधरा दिवस देण्याची पद्धत आणली. याविषयी वेगळा सूर असलेले काही निर्णयही होते. तो वाद २०१३ मध्ये सुखदेव सिंह प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मिटवला आणि देव दत्त निकालावर शिक्कामोर्तब केले.

समितीच्या बैठकीपासून या निकालापर्यंत देव दत्त यांची तेरा वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्यांची नोकरीही संपली. म्हणूनच दरवर्षी आपला अहवाल मागून घेणे, तो वाचणे आणि शेरा पटत नसेल तर मुदतीत लेखी निवेदन देणे, हे प्रत्येक कर्मचाऱ्याने कटाक्षाने करावे. बढतीची यादी लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे किती तरी कमी खर्चाचे आहे.