घराभोवतीच्या वृक्षांची छाटणी : केव्हा व कशी



बऱ्हाणपुरात अनेकांच्या अंगणात औदुंबर, पिंपळ, बेल वा कडुनिंब आहे. देववृक्षाला करवत लावणे पुष्कळांना पाप वाटते, म्हणून वर्षानुवर्षे त्याकडे कोणी पाहत नाही. मग वैशाखातील वादळात एखादी वाळकी फांदी कोसळते, घरची मंडळी घाबरतात आणि त्याच कडक उन्हात साऱ्या झाडाचा शेंडा उतरविला जातो. आमच्या मते वेळेवर केलेली अल्प छाटणी ही वृक्षसेवाच होय. शेंडा उतरविणे हा मात्र घात होय.

वृक्षाचे अन्न पानांत तयार होते. पाने एकदम गेली की मुळे उपाशी राहतात व उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. नंतर फुटणारे धुमारे जोमदार दिसले, तरी त्यांची पकड वरवरची असते. पुढे तेच वादळात मोडतात. म्हणजे ज्या भयाने झाड छाटले, ते भय वाढतेच.

छाटणीस माघ-फाल्गुन हा काळ योग्य. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. वाळलेली वा धोकादायक फांदी मात्र केव्हाही काढावी. एका वर्षात पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. आधी घरटी पाहावीत.

जाड फांदी तीन कापांत काढावी. खोडापासून सुमारे एक फुटावर खालून एक तृतीयांश काप घ्यावा. त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी पाडावी, म्हणजे खोडाची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढावा. परंतु फांदीच्या बुडाशी असलेले फुगीर कडे राखावे. झाडाची जखम त्या कड्यातूनच झाकली जाते, हे अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो (१९३०-२००६) यांनी असंख्य खोडे चिरून दाखविले. जखमेवर डांबर फासू नये. बिल्वपत्रांसाठी फांद्या ओरबाडू नयेत, कात्रीने डहाळी घ्यावी.

विजेच्या तारांजवळील फांदीस स्वतः हात लावू नये. वीज कंपनीस कळवावे. मध्य प्रदेशात शहरी वृक्षांच्या रक्षणासाठी २००१ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते; मोठ्या छाटणीपूर्वीही नगर निगमात विचारणा करावी.

ज्याच्या छायेत आपण वैशाख काढतो, त्या वृक्षाकडे माघातच एकदा मान वर करून पाहावे, ही सर्वांस नम्र विनंती.