टॅग सजावटीसाठी नसतो

मंडळी, एचटीएमएल शिकायला आपण सावंगीचंच उदाहरण घेऊ. इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात गावोगावचे पेशंट येतात. समजा, ओपीडीच्या वेळा सांगणारं पान आपल्याला बनवायचंय.

टॅग म्हणजे मजकुरावरची चिठ्ठी: आधी उघडायची, शेवटी तिरपी रेघ देऊन बंद करायची. 'नेत्ररोग विभाग' हे शब्द नुसते ठळक केले, तर बघणाऱ्याला ते शीर्षक वाटतं. पण ज्याला दिसत नाही, तो स्क्रीन रीडरवर पान ऐकतो. त्याला सगळं पान पहिल्यापासून ऐकावं लागेल. तेच शब्द 'एच-टू' टॅगमध्ये ठेवले, की तो शीर्षकांवरून उड्या मारत थेट तिथे पोचतो. वेळापत्रकाचा फोटो टाकू नका, 'टेबल' टॅग वापरा. पहिल्या 'एचटीएमएल' टॅगमध्ये 'लँग'पुढे 'एमआर' लिहा. मराठी आवाज उपलब्ध असेल तर रीडर तो निवडू शकतो.

टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१च्या टॅगांतही शीर्षकं होती, रंग नव्हते. रंगाचं काम पुढे सीएसएसकडे गेलं. म्हणून टॅग निवडताना आपण एवढंच विचारू: हा मजकूर आहे काय? तो दिसेल कसा, हे नंतर.