तीस वर्षें तिशींतच

आमच्या घरांत राजकारणावरून भांडण झालेलें मला स्मरत नाहीं. नळाच्या पाण्यावरून होतें, वर्तमानपत्र आधीं कोणीं वाचावें यावरून होतें, क्वचित् श्राद्धतिथीवरूनही होतें. परंतु गेल्या चातुर्मासांत एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर जो वाद माजला तो असा कीं, शेजारचे गृहस्थ "कोणाचें लग्न ठरत आहे काय?" असें विचारावयास दारांत येऊन उभे राहिले. लग्न कोणाचेंच ठरत नव्हतें. वादाचें मूळ तेंच होतें. वधू अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानची, नांव स्टेफनी प्लम. वर दोन: एक पोलीस खात्यांतील जो मोरेली, दुसरा रेंजर या टोपणनांवानें वावरणारा. आणि तिघेंही केवळ कागदावरचीं!

जॅनेट इव्हानोविच या लेखिकेची ही विनोदी रहस्यकथांची माला. पहिलें पुस्तक 'वन फॉर द मनी' १९९४ सालीं निघालें. एकतिसावें, 'नाऊ ऑर नेव्हर', २०२४ सालीं. बहुतेक सर्व नांवांत अनुक्रमांक गुंफलेला, त्यामुळें कोणतें आधीं व कोणतें मागून हें कोणास विचारावें लागत नाहीं. लेखिकेचा जन्म १९४३ चा, न्यू जर्सींतल्याच साउथ रिव्हर गांवचा. आधीं प्रणयकथा लिहून मग ती इकडे वळली, तेव्हां तिनें पन्नाशी ओलांडलेली होती. आज ती ऐंशीच्या पलीकडे आहे, पहिल्या पुस्तकाचे तरुण वाचक आजेआजोबा होऊं लागले आहेत, आणि नायिका मात्र तेव्हां तीस वर्षांची होती ती आजही तिशींतच आहे. वाचकांचे जे तट पडले आहेत ते मुख्यतः या एका गोष्टीवरून.

मी पाठशाळेंत संस्कृत शिकलेला, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. इंग्रजी वाचतों तें कोश उशाशीं ठेवून. धाकटी नात हीं पुस्तकें वाचते असें कळलें तेव्हां मास्तरकीच्या संवयीनें मीं पहिलें पुस्तक 'तपासण्यासाठीं' मागून घेतलें. नायिकेची नोकरी गेलेली. ती नोकरीही स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांच्या खरेदीची. भाषा तर जागोजाग अशी कीं, कोशांत शब्द न सांपडला तेंच बरें. दहाव्या पानावर पुस्तक मिटावयाचें असें ठरवून बसलों होतों. शंभराव्या पानावर सूनबाईनें "मामंजी, दूध निवतंय" म्हणून तिसऱ्यांदा सांगितलें.

कथेचा पाया समजण्यास तिकडील एक धंदा ठाऊक असावा लागतो. आरोपीस खटल्याचा निकाल लागेपर्यंत मोकळें राहावयाचें असेल तर न्यायालय जामिनाची रक्कम ठरवितें. ती जवळ नसली म्हणजे तो धंदेवाईक जामीनदाराकडे जातो. जामीनदार साधारण दहावा हिस्सा कायमचा घेतो आणि संपूर्ण रकमेची हमी न्यायालयास देतो. आरोपी तारखेस हजर राहिला तर तो हिस्सा नफा. पळाला तर सारी रक्कम जामीनदाराच्या अंगावर. म्हणून पळालेल्यास धरून आणणारीं माणसें तो पदरीं ठेवतो, आणि जामीनदाराच्या माणसांस तसा अधिकार आहे हें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७२ सालींच बोलून दाखविलें होतें. स्टेफनी पोटासाठीं व्हिनी नांवाच्या आपल्या एका भावाकडे हें काम पत्करते. तिच्या हातीं पहिलेंच नांव येतें तें जो मोरेलीचें. खुनाचा आरोप, जामीन एक लक्ष डॉलर, धरून आणल्यास तिला दहा हजार. आणि वर हा गृहस्थ पूर्वायुष्यांत तिला फसवून गेलेला, ज्याचा सूड तिनें त्याच्या अंगावर मोटार घालून उगवला होता असा!

स्थळ ट्रेंटन. ही न्यू जर्सीची राजधानी, डेलावेअर नदीच्या कांठची. तेथील चेंबर्सबर्ग हा भाग, ज्याला कथेंत नुसतें 'बर्ग' म्हणतात, कारखान्यांतील मजुरांनीं वसविलेला. अनेक झुलते पूल ज्यांच्या तारदोरांवर तोललेले आहेत त्या रोब्लिंग यांचा कारखाना तेथलाच. इटालियन व हंगेरियन कुटुंबांची ही कथेंतली वस्ती आमच्या जुन्या वाड्यांशीं विलक्षण जुळते. सहाच्या ठोक्यास जेवणाचीं पानें; लेक पांच मिनिटें उशिरा आली तर मांस वाळलें म्हणून आईचा चेहरा पडतो. कोणाची मुलगी नवऱ्यास सोडून आली, कोणाची मोटार कोणाच्या दारांत रात्रभर उभी होती, हें सकाळच्या आंत सगळ्या आळीस ठाऊक. स्टेफनीची आई बेचैन झाली कीं इस्त्री करीत सुटते. त्याच सदऱ्यावरून पुन्हां पुन्हां इस्त्री फिरते. आमच्याकडे अशा वेळीं निवडलेले तांदूळ पुन्हां निवडले जातात, एवढाच फरक.

भरतमुनींनीं स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. पहिले दोन उत्तमांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. इव्हानोविचबाई पहिल्या दोहोंच्या वाटेस फारशा जात नाहींत. त्यांचा खरा हुकमी एक्का म्हणजे मेझर आजी. नवरा वारल्यावर लेकीकडे राहावयास आलेल्या या आजीबाईंचें करमणुकीचें स्थान म्हणजे अंत्यविधिगृह. तिकडे प्रेत सजवून पेटींत दर्शनासाठीं ठेवण्याची चाल आहे. मृताशीं ओळख असो वा नसो, आजीबाई दर्शनास हजर. आणि पेटीचें झांकण लावलेलें असलें तर तें उचलून पाहिल्यावांचून त्यांस राहवत नाहीं. पहिल्याच पुस्तकांत त्या जेवणाच्या टेबलाशीं नातीचें पिस्तूल पाहावयास घेतात आणि समोर वाढून ठेवलेल्या भाजक्या कोंबडीवरच गोळी झाडतात.

ही कोंबडी आमच्या घरांत फार मोठें काम करून गेली. माझी थोरली बहीण अक्का गेल्या वर्षीं पडली, मांडीचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन महिने ती कोणाशीं धड बोलली नव्हती. विचारलेल्या प्रश्नास 'हो' किंवा 'नको', एवढेंच. एका रात्रीं नात तिच्या पायाशीं बसून सहज तो प्रसंग मराठींत सांगूं लागली. गोळी सुटली आणि अक्का हंसली. हंसतांना दुखलें म्हणून "आई गं" म्हणाली, आणि पुन्हां हंसली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिनें होऊन विचारलें, "अगो, त्या आजीबाईंनीं पुढें काय केलें?" तेव्हांपासून रोज रात्रीं कथा चालू आहे. भाषेंतले कांटे नात वेंचून टाकते. कथा मात्र सगळी सांगते.

आतां वाचकांच्या मतांकडे वळूं. कारण अमेरिकेंत जे तट आहेत तेच आमच्या ओसरीवर आहेत.

एका पक्षाचें म्हणणें, पहिलीं दहा-बारा पुस्तकें उत्तम. पुढें घाण्याचा बैल फिरतो आहे. स्टेफनीची मोटार पेटावयाची, तिनें दुसरी आणावयाची, तीही जावयाची. पळालेला माणूस तीनदां निसटावयाचा. मोरेलीशीं भांडण, रेंजरशीं सलगी, पुन्हां मोरेली. हा पक्ष चिडतो, पण नवें पुस्तक निघालें कीं आधीं तोच विकत घेतो! आमची सूनबाई या पक्षाची. ती बँकेंत आहे, हिशेबाची पक्की. ती म्हणाली, "मामंजी, बाविसाव्या पुस्तकांतही तिला काय हवें तें कळत नसेल, तर तें तिला नाहीं, लिहिणारीला कळत नाहीं."

दुसरा पक्ष उलट म्हणतो कीं, कांहीं बदलत नाहीं म्हणूनच आम्ही येतों. दवाखान्यांत कोणाच्या उशाशीं बसलेलीं, लांबच्या प्रवासांतलीं, घरांत मृत्यु झाल्यावर झोप हरवलेलीं, अशीं माणसें हीं पुस्तकें मागतात. त्यांस नवें कांहीं नको असतें. सहाच्या ठोक्यास पानें वाढलेलीं हवीं असतात.

तिसऱ्यांचा सारा जीव वरसंशोधनांत. मोरेली बर्गमधला, मावशीकडून आलेलें घर, दांडगा कुत्रा, सरकारी नोकरी. रेंजर पूर्वीं सैन्याच्या विशेष दलांत होता, काळा पोशाख, बोलणें थोडें, पहारेकऱ्यांची मोठी कंपनी. नात रेंजरची, सूनबाई मोरेलीची. आणि एकतिसाव्या पुस्तकांत तर नायिका दोघांसही होकार देऊन बसलेली!

आमचा पुतण्या वकिली करतो. त्याचा आक्षेप निराळाच. १ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सींत नवा कायदा लागू झाला. आरोपी पळण्याचा व त्याजपासून धोका होण्याचा संभव किती हें पाहून न्यायाधीश निर्णय देतात. पैशाचा जामीन जवळ जवळ संपला. "मग काका, व्हिनीचें दुकान चालतें कसें?" प्रश्न बिनतोड आहे. मीं सांगितलें कीं, चेंबर्सबर्गही तसें राहिलेलें नाहीं. इटालियन कुटुंबें उपनगरांत गेलीं आणि त्या घरांतून आतां बहुतेक मध्य व दक्षिण अमेरिकेंतून आलेलीं कुटुंबें राहतात. कथेंतला बर्ग हा लेखिकेच्या आठवणींतला आहे, आणि आठवणींतल्या गांवास नवा कायदा लागू होत नाहीं. पुतण्यास हें पटलें नाहीं.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाही मान्य आहे. लुला नांवाची स्टेफनीची जोडीदारीण, पूर्वाश्रमीची वेश्या, आतां कचेरींत फायली लावणारी, हिच्या स्थूल देहावर आणि तोकड्या कपड्यांवर जो विनोद चालतो तो पहिल्या दोन-तीन पुस्तकांत खपून जातो. विकृत वेष व आकार हे हास्याचे विभाव होत हें शास्त्र मलाही ठाऊक आहे. पण पुस्तकामागून पुस्तक तोच पदर ओढीत राहिलें म्हणजे हंसणाऱ्यासच लाज वाटूं लागते. ती बाई धाडसी आहे, जिवाला जीव देणारी आहे. तिला याहून चांगलें मिळावयास हवें होतें.

राहिला मुख्य वाद. सोमदेवाच्या कथासरित्सागरांत अकराव्या शतकापासून एक राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आहे. तीच रात्र, तेंच झाड, तीच वाट; वेताळ गोष्ट सांगतो, राजा उत्तर देतो, प्रेत पुन्हां झाडावर. दोन डझन फेऱ्या होतात, आणि वाट तीच आहे अशी तक्रार माझ्या ऐकिवांत नाहीं. कारण प्रत्येक फेरीचा प्रश्न नवा असतो, आणि खरोखरच अवघड असतो. इव्हानोविचबाईंच्या आरंभीच्या पुस्तकांत असा प्रश्न आहे. तिसऱ्यांत मो नांवाचा मिठाईवाला तारखेस हजर राहत नाहीं. सगळ्या बर्गनें लहानपणीं त्याच्याकडची मिठाई खाल्लेली. तेव्हां आळीचा राग मोवर होत नाहीं, त्यास धरूं पाहणाऱ्या स्टेफनीवर होतो. चांगला माणूस पळतो कां, आणि चांगला म्हणजे तरी काय, हा पेंच तेथें आहे, आणि हंसूं त्याच्यांतूनच उगवतें. सूनबाईनें खुणा करून दिलेलीं पुढचीं चार मीं वाचलीं. तेथें वाट तशीच आहे, पण वेताळाचा प्रश्न पातळ झालेला. गुन्हेगार योगायोगानें समोर येतो आणि मोटार पेटते ती पेटावयाची वेळ झाली म्हणून. तेव्हां नायिका तिशींतच राहिली हा दोष मला वाटत नाहीं. राजा तरी कोठें म्हातारा होतो? दुसरें असें कीं, राजा शेवटच्या प्रश्नास निरुत्तर झाला आणि तेथें वेताळानें गोष्टी थांबविल्या. येथें नायिका दोघांपैकीं कोण या प्रश्नास तीस वर्षें निरुत्तर आहे आणि गोष्ट त्यावरच चालली आहे. हें मला खटकतें.

त्या रात्रीं मीं हें बोलून दाखविलें, आणि ओघांत मंदारवतीची गोष्ट सांगितली. मुलगी मेली, तिघां वरांपैकीं एक तिच्या राखेवर झोंपला, एकानें अस्थि गंगेस नेल्या, एकानें मंत्र मिळवून तिला उठविलें. मग ती कोणाची? राजा म्हणाला, जीव दिला तो बाप, अस्थि नेल्या तो मुलगा, राखेशीं राहिला तोच नवरा. नातीनें तत्काळ हिशेब मांडला आणि तिचा चेहराच उतरला. स्टेफनीचा जीव वेळोवेळीं वांचवितो रेंजर. म्हणजे राजाच्या न्यायानें तो बाप ठरतो! सूनबाईनें टाळी वाजविली, नात ओरडली, पुतण्यानें अपील दाखल केलें, आणि याच वेळीं शेजारचे गृहस्थ दारांत आले.

आंतून अक्का म्हणाली, "अगो, लग्न लावूं नका तिचें. लागलें कीं रोज सहा वाजतां आईकडे जेवायला कशी येईल?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. अक्काचें लग्न अठराव्या वर्षीं झालें. त्यानंतर ती माहेरीं येई ती बाळंतपणास आणि एखाद्या दिवाळीस. कायमची आली ती भाऊजी वारल्यावर.

सध्यां आठवें पुस्तक, 'हार्ड एट', चालू आहे. नातीची घाई अशी कीं, मधलीं टाकून एकतिसाव्याकडे जावें आणि दोन होकारांचें काय झालें तें पाहावें. अक्का ऐकावयास तयार नाहीं. क्रमानें झालें पाहिजे. ती आतां काठी धरून न्हाणीघरापर्यंत जाते, परवां अंगणांतही आली होती. डॉक्टर दिवसा अधिक वेळ बसावयास सांगतात आणि ती बसते. पण कथा ऐकावयाची ती रात्रीं, दिवा मंद करून, पडूनच, असा तिचा हट्ट आहे.